कबीर खानला पगार कोण देत होतं?

2013च्या जानेवारीत हॉकी इंडिया लीगचा पहिला मोसम सुरू झाला, तेव्हा मी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत लेख लिहिला होता. शीर्षक होतं ‘दोन घरचा पाहुणा’ आणि रोख होता रिक चार्ल्सवर्थ यांच्यावर. ऑस्ट्रेलियाच्या पुरुष संघाचे ते त्या वेळी मुख्य प्रशिक्षक होते आणि त्याच वेळी त्यांनी मुंबई मॅजिशियन्स या नव्या व्यावसायिक संघाची सूत्रं हाती घेतली होती. ज्याला आमच्या संघाला हरवायचं आहे, तोच आमच्या मुलांना मुंबईत शिकवणार, त्यांच्या खोडी टिपून घेणार आणि पुढल्या वर्षी त्याच आमच्यावर उलटवणार, असा माझा सूर होता. वाचकांची पत्रं आली आणि बहुतेक सगळी माझ्या बाजूची होती.

एक प्रतिक्रिया मात्र पत्रातून आली नाही. खडकीत ज्यांच्याकडे मी शाळकरी वयात स्टिक धरायला शिकलो, ते सर मला बाजारात भेटले. तीस वर्षं एका कारखान्यात नोकरी आणि संध्याकाळी मैदान, असा त्यांचा जन्म गेलेला. लेख त्यांनी वाचला होता. म्हणाले, “छान लिहिलंस. आता असं कर, एकाच घरचा पाहुणा असलेला एक कोच मला दाखव. आपल्याकडचा. मी तुला चहा पाजतो.” मी हसून वेळ मारून नेली. चहा अजून बाकी आहे. हा लेख म्हणजे त्या जुन्या लेखाचीच उलटतपासणी आहे, आणि ती करायला मला बारा वर्षं लागली, कारण माझ्या डोक्यात ‘राष्ट्रीय प्रशिक्षक’ या माणसाचं जे चित्र होतं ते मैदानावरून आलेलं नव्हतं. ते एका सिनेमातून आलेलं होतं.

‘चक दे! इंडिया’ 10 ऑगस्ट 2007 रोजी प्रदर्शित झाला. दिग्दर्शक शिमित अमीन, लेखक जयदीप साहनी. हा चांगला सिनेमा आहे, हे आधी सांगून टाकतो. हॉकीचा खेळ पडद्यावर इतक्या नेटकेपणानं हिंदीत त्याआधी कोणी दाखवला नव्हता, आणि सोळा मुलींना सोळा चेहरे देणं सोपं नव्हे. पण गेल्या अठरा वर्षांत या सिनेमानं आपल्या क्रीडालेखनाची भाषाच बदलून टाकली. मराठी वर्तमानपत्रांत कुठल्याही महिला संघाच्या यशाची बातमी आली की शीर्षकात ‘चक दे’ येतंच. प्रशिक्षक जरा कडक असला की तो ‘कबीर खान’ होतो. म्हणून या कबीर खानकडे जरा बारकाईनं पाहायला हवं.

विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानविरुद्ध त्याच्याकडून पेनल्टी स्ट्रोक हुकतो, त्याच्यावर गद्दारीचा शिक्का बसतो, तो आईला घेऊन घर सोडतो. मग सात वर्षं जातात. सात वर्षांनी तो परत येतो आणि कुणालाच नको असलेली महिला संघाची जबाबदारी मागून घेतो. या सात वर्षांत तो काय करत होता? पोट कशावर भरत होता? सिनेमा याबद्दल अवाक्षर काढत नाही. संघाचा ताबा घेतल्यावर त्याचा करार किती दिवसांचा, मानधन किती, हरला तर काय, यातलंही काही येत नाही. फेडरेशनचे अधिकारी येतात, टेबलावरचं राजकारण येतं, पैसा नाही म्हणून संघ पाठवायचा नाही असा वादही येतो. पैशाचा विषय आहे, पण कबीर खानच्या पैशाचा नाही. त्याला मालक नाही, म्हणून वेतनचिठ्ठीही नाही. आहे फक्त एक डाग, आणि तो धुऊन काढायची आस. तपस्व्याला कोणी पगार विचारत नाही, तसंच हे.

आता या पात्राच्या मागे जी खरी माणसं उभी आहेत असं सांगितलं जातं, त्यांच्याकडे पाहू. मीररंजन नेगी 1982च्या दिल्ली एशियाडच्या अंतिम सामन्यात भारताचे गोलरक्षक होते. पाकिस्ताननं तो सामना 7-1 असा जिंकला आणि नेगींच्या वाट्याला जे आलं ते कबीर खानच्या वाट्याला आलेल्यासारखंच होतं. याच नेगींनी सिनेमातल्या मुलींना हॉकी शिकवली. पण नेगींची मधली वर्षं कोरी नाहीत. ते मुंबईत कस्टम्स खात्यात नोकरीला होते. 1998च्या बँकॉक एशियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या पुरुष संघाच्या गोलरक्षकांना त्यांनी शिकवलं, 2002च्या मँचेस्टर राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाबरोबरही ते होते, आणि हे सगळं सरकारी नोकरी सांभाळून. दुसरं नाव महाराज कृष्ण कौशिक यांचं. 1980च्या मॉस्को ऑलिंपिकमधल्या सुवर्णविजेत्या संघाचे खेळाडू आणि पुढे पुरुष व महिला दोन्ही राष्ट्रीय संघांचे प्रशिक्षक. राष्ट्रीय शिबिर आतून कसं चालतं, हे साहनींना त्यांच्याकडून समजलं. 2021च्या मे महिन्यात कोविडनं ते गेले.

म्हणजे सिनेमानं माणूस घेतला आणि त्याच्या पायाखालची नोकरी काढून टाकली. नाट्याच्या दृष्टीनं ते बरोबरच असेल. रजेच्या अर्जावर सही मिळवण्याचा प्रसंग शाहरुख खानला कोण करायला लावेल? पण त्यामुळे एक मोठी गोष्ट पडद्याआड गेली.

सिनेमातला तो नावनोंदणीचा प्रसंग सगळ्यांना आठवत असेल. मुली एकेक करून येतात आणि आपापल्या राज्याचं नाव सांगतात. पुढे राज्य पुसून देश लिहिणं हाच कबीर खानचा पहिला धडा होतो. प्रसंग परिणामकारक आहे, मीही चित्रपटगृहात टाळ्या वाजवल्या होत्या. पण भारतीय महिला हॉकी राज्यांनी जगवली नाही, ती रेल्वेनं जगवली. राष्ट्रीय विजेतेपदांची यादी काढा, रेल्वेचं नाव वारंवार येतं. राष्ट्रीय संघातल्या मुलींच्या ओळखपत्रांवर वर्षानुवर्षं रेल्वेचाच शिक्का होता. ही रेल्वे मला सिनेमात तरी कुठे ठळक दिसली नाही. राज्य हा अभिमानाचा विषय होऊ शकतो, नोकरी होऊ शकत नाही, म्हणून मुलींना राज्यं दिली आणि त्यांच्या नोकऱ्या काढून घेतल्या. (जाता जाता एक पुणेरी कुरकुर. सिनेमातली महाराष्ट्राची खेळाडू बिंदिया नाईक ही संघात फूट पाडणारी दाखवली आहे. प्रत्यक्षात 1982च्या एशियाडमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाची कर्णधार एलिझा नेल्सन ही आमच्या पुण्याची. असो.)

या न दाखवलेल्या नोकरीचं महत्त्व कळायला खडकीत यावं लागतं. धनराज पिल्ले खडकीचा. त्याचे वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करत. तुटक्या स्टिका दोरीनं बांधून ही भावंडं खेळली, हे आता दंतकथेसारखं सांगितलं जातं, पण दंतकथेतही मैदान कुणाचं हे लक्षात ठेवायला हवं. ते कारखान्याचं मैदान होतं. पाणी मारणाऱ्याचा पगार कारखान्याचा. आमचे सरही अशाच एका कारखान्याचे. पहिली पाळी करायची, दुपारी दोन तास झोपायचं आणि चारला मैदानावर. राज्य संघाबरोबर जायची वेळ आली की विशेष रजेचा अर्ज. साहेब खेळाचा शौकीन असला तर अर्ज दोन दिवसांत मंजूर. नसला तर बिनपगारी. त्यांच्या घरी एक वही आहे, तीत त्यांनी प्रत्येक स्पर्धेसमोर रजेचा प्रकार लिहून ठेवलाय. निकाल लिहिलेले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, “निकाल पेपरात येतात रे. हे कुठे येतं?”

ही व्यवस्था वाईट होती असं म्हणायला मी धजत नाही. रेल्वे, एअर इंडिया, इंडियन ऑइल, कस्टम्स, सेनादलं यांनीच हॉकीला पोसलं. खेळाडूला निवृत्तीनंतर दारोदार फिरायला लागलं नाही. पण तिची एक किंमत होती. प्रशिक्षकाचं पोट कार्यालयाच्या हातात, आणि राष्ट्रीय काम हे फेडरेशनच्या मर्जीवरचं मानाचं पान. मान देणाऱ्याला तो काढून घेतानाही कारण द्यावं लागत नाही.

याचा सर्वांत लखलखीत पुरावा 1998चा आहे. बँकॉकमध्ये धनराजच्या नेतृत्वाखाली भारतानं एशियाडचं हॉकी सुवर्ण बत्तीस वर्षांनी परत मिळवलं. प्रशिक्षक होते कौशिक. संघ मायदेशी परतला आणि पुढच्या मालिकेतून धनराजसह अनेक बिनीचे खेळाडू वगळले गेले. कौशिकही गेले. अधिकृत भाषेत ती विश्रांती होती. मैदानावर प्रत्येकानं तिचा अर्थ, मॅच फी मागितली म्हणून शिक्षा, असाच लावला. धनराजला निदान परदेशातले क्लब होते, जर्मनीत, फ्रान्समध्ये, मलेशियात तो व्यावसायिक म्हणून खेळत राहिला. कौशिकांसारख्या प्रशिक्षकाला असा दुसरा बाजार नव्हता. सुवर्णपदक जिंकून आलेल्या माणसाला हटवता येतं आणि तो काही बोलू शकत नाही, याचं कारण त्याच्या स्वभावात शोधू नये. त्याच्याकडे दाखवायला करारच नसतो.

परदेशी प्रशिक्षक आले तेव्हा आपल्याला वाटलं, आता व्यावसायिकता आली. यांना पूर्णवेळ पगार, यांचं घर एकच. इथेही माझी समजूत कच्चीच होती. परदेशी प्रशिक्षकांचं वेतन भारतीय क्रीडा प्राधिकरणातून, म्हणजे सरकारी तिजोरीतून, आणि रोजचे आदेश हॉकी इंडियाकडून. टेरी वॉल्श यांनी 2014च्या ऑक्टोबरात इंचॉनमध्ये पाकिस्तानला शूटआउटमध्ये हरवून एशियाडचं सुवर्ण मिळवून दिलं, आणि त्याच महिन्यात क्रीडाक्षेत्रातल्या नोकरशाहीला कंटाळून राजीनामा दिला. नोव्हेंबरात ते गेलेच. त्यांच्यानंतरचे पॉल व्हॅन आस सहा महिनेही टिकले नाहीत. खुद्द चार्ल्सवर्थ 2007च्या अखेरीला आंतरराष्ट्रीय महासंघाच्या प्रकल्पातून भारतीय हॉकीचे तांत्रिक सल्लागार म्हणून आले होते आणि वर्षही न भरता परत गेले. हा माणूस डॉक्टर, दहा वर्षं ऑस्ट्रेलियाच्या संसदेत खासदार, त्यांच्या महिला संघाला 1996 आणि 2000 अशी लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं मिळवून देणारा. तो आपल्याकडे राहिला नाही याचं आपल्याला फारसं वाईट वाटलं नाही. तो पाच वर्षांनी मुंबईच्या संघाचा प्रशिक्षक म्हणून आला, तेव्हा मात्र त्याच्या निष्ठेचा प्रश्न मला पडला. आज तो लेख वाचताना हे सर्वांत जास्त टोचतं.

झालं काय, तेही सांगायला हवं. त्या मोसमात मुंबई मॅजिशियन्स पाच संघांत शेवटचे आले. सीमेवरच्या तणावामुळे आणि मुंबईतल्या विरोधामुळे लीगमधल्या पाकिस्तानी खेळाडूंना एकही सामना न खेळता परतावं लागलं, त्यात मुंबईचाही संघ मोडला. पुढच्या वर्षी, 2014च्या जूनमध्ये, चार्ल्सवर्थ यांच्या ऑस्ट्रेलियानं हेगला नेदरलँड्सचा 6-1 असा फडशा पाडून विश्वचषक राखला. आमच्या मुलांच्या खोडी टिपून त्यांना हा विश्वचषक मिळाला असं आता मीही म्हणणार नाही. फायदा झालाच असेल तर उलट दिशेनं. जगातल्या सर्वोत्तम प्रशिक्षकाबरोबर महिनाभर राहायला मिळालं ते आमच्या पोरांना.

मग दुहेरी भूमिकेत आक्षेपार्ह काहीच नाही का? आहे. पण तो मी ज्या ठिकाणी शोधत होतो तिथे नाही. त्याच मोसमात रोलंट ऑल्टमन्स उत्तर प्रदेश विझार्ड्सचे प्रशिक्षक होते. त्याच वर्षी ते भारतीय हॉकीचे हाय परफॉर्मन्स डायरेक्टर झाले, आणि 2015मध्ये व्हॅन आस गेल्यावर राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षकही. म्हणजे लीगमधला एक प्रशिक्षक भारतीय संघाच्या उभारणीत निर्णायक आवाज असलेला माणूस झाला. यावर मी एक ओळ लिहिली नाही. परक्या देशाचा प्रशिक्षक आमच्या लीगमध्ये आला तर मला हेरगिरी दिसली, आणि आमच्या देशाचा प्रशिक्षक लीगमधल्या एका मालकाचाही झाला तेव्हा मला काहीच दिसलं नाही. वास्तविक धोका दुसऱ्या ठिकाणी जास्त. कारण चार्ल्सवर्थ यांच्या हातात कोणत्याही भारतीय मुलाची निवड नव्हती. ज्याचं मत निवडीत मोजलं जातं तो जर खासगी संघाचंही नेतृत्व करत असेल, तर त्याच्या संघातल्या मुलाला आणि समोरच्या संघातल्या मुलाला मैदानावर सारखं वाटेल का, हा खरा प्रश्न. ऑल्टमन्स यांनी पक्षपात केला असं माझं म्हणणं नाही, तसं मानायला काही आधारही नाही. मुद्दा त्यांच्या सचोटीचा नाहीच. वीस वर्षांच्या मुलाच्या मनात काय चालतं त्याचा आहे.

हा प्रश्न आज पुन्हा ताजा आहे. सात वर्षांच्या खंडानंतर 2024च्या डिसेंबरात लीग परत सुरू झाली, पुरुषांचे आठ संघ आणि पहिल्यांदाच महिलांचे चार. त्या मोसमाचा नियम असा होता की पुरुष संघाच्या चोवीस खेळाडूंत किमान चार ज्युनियर भारतीय खेळाडू हवेतच. नियम उत्तम होता. त्याच सुमाराला पॅरिसच्या कांस्यपदकानंतर निवृत्त झालेले पी. आर. श्रीजेश भारताच्या ज्युनियर संघाचे प्रशिक्षक झाले, आणि दिल्ली एसजी पायपर्स या लीगमधल्या संघाचे ते हॉकी संचालकही झाले. श्रीजेश यांच्याबद्दल मनात आदराशिवाय काही नाही. मस्कतला त्यांच्या मुलांनी 2024चा ज्युनियर आशिया चषक पाकिस्तानला 5-3 असं हरवून जिंकला. पण प्रत्येक संघाला ज्युनियर मुलं घ्यायचीच होती, आणि कोणता ज्युनियर कुठवर जाईल हे ज्याला सर्वांत नीट माहीत होतं तो आठांपैकी एका संघाच्या बाजूला होता. याची वाच्यता आपल्या क्रीडापानांवर किती झाली? मी चाळलेल्या मराठी पानांवर तरी ‘दिग्गज नव्या भूमिकेत’ याच्या पलीकडे फारसं काही सापडलं नाही.

क्रिकेटमध्ये हाच प्रश्न आला तेव्हा गप्प बसता आलं नाही. इंदूरच्या मराठी घरात जन्मलेला, बंगळुरूत वाढलेला राहुल द्रविड 2015पासून भारत ‘अ’ आणि एकोणीस वर्षांखालच्या संघाचा प्रशिक्षक होता. बोर्डाचा करार दहा महिन्यांचा, उरलेल्या दोन महिन्यांत तो दिल्लीच्या आयपीएल संघाचा मार्गदर्शक. नियमात बसणारी गोष्ट होती. 2017च्या जूनमध्ये रामचंद्र गुहांनी प्रशासकीय समितीचा राजीनामा देताना नेमकं यावर बोट ठेवलं. महिन्याभरात बोर्डानं द्रविडला दोन वर्षांचा पूर्ण करार दिला आणि त्यानं दिल्ली सोडली. कुणी त्याला लबाड म्हटलं नाही, कुणाला म्हणावंही लागलं नाही. पुढे 2019मध्ये राष्ट्रीय क्रिकेट अकादमीचा प्रमुख असताना त्याला पुन्हा नोटीस आली, या वेळी इंडिया सिमेंट्समधल्या नोकरीवरून. तो तिथे रजेवर होता. चौकशी झाली आणि नोव्हेंबरात तक्रार निकाली निघाली. या दुसऱ्या प्रकरणावर लोक हसले, द्रविडवर कसला संशय घेता म्हणून. मला ते प्रकरण पहिल्याइतकंच मोलाचं वाटतं. कारण खेळाडूची किंवा प्रशिक्षकाची ‘ऑफिसची नोकरी’ हासुद्धा हितसंबंध असतो, हे बहुधा पहिल्यांदाच भारतात कुणीतरी कागदावर विचारलं आणि त्याचं कागदावर उत्तर दिलं गेलं.

हॉकीत तसं कुणी विचारलेलं नाही. हरेंद्र सिंग यांची कारकीर्द मांडून पाहा. एअर इंडियाची नोकरी, लीगमध्ये रांचीचं काम, भारताचा ज्युनियर संघ, आणि त्या संघानं 2016च्या डिसेंबरात लखनौला बेल्जियमला 2-1 असं हरवून मिळवलेला विश्वचषक. नंतर राष्ट्रीय महिला संघ, मग पुरुष संघ. 2018च्या भुवनेश्वर विश्वचषकात उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सकडून हार, आणि 2019च्या जानेवारीत पदावरून दूर. मग अमेरिकेच्या पुरुष संघाचं काम, आणि 2024 ते 2025 पुन्हा भारताच्या मुली. एका माणसाच्या आयुष्यात भारतीय प्रशिक्षकाच्या सगळ्या तऱ्हा यात आल्या. यांतल्या कोणत्या टप्प्यावर त्यांना ‘दोन घरचा पाहुणा’ म्हणायचं? पाहुणचार कुणी केला होता?

माझा आजचा आक्षेप असा आहे. प्रशिक्षकानं दोन कामं करावीत. आपल्यासारख्या देशात, जिथे हॉकी प्रशिक्षकाला वर्षभर पुरेल इतकं काम एका जागी मिळत नाही, तिथे त्याला दोन कामं करावीच लागतील, आणि लीगनं त्याला दुसरा मालक दिला ही चांगली गोष्ट आहे. फेडरेशननं हटवलं तर जायला जागा असलेला माणूसच फेडरेशनला नाही म्हणू शकतो. कौशिकांकडे 1998मध्ये तशी जागा असती तर काय झालं असतं, हा विचार मनातून जात नाही. पण दोन्ही कामांचे करार उघड हवेत. आणि ज्याच्या हातात राष्ट्रीय निवड आहे, त्यानं लीगच्या लिलावात कोणत्याही मालकाच्या टेबलावर बसू नये आणि आपल्या लीग संघातल्या मुलाच्या निवडीच्या वेळी बैठकीबाहेर जावं, एवढे दोन नियम तरी लेखी हवेत. भारतीय हॉकी फेडरेशनची स्थापना 7 नोव्हेंबर 1925ची, ग्वाल्हेरची. शताब्दी म्हटली की सोहळे होतात, जुन्या ऑलिंपियनांचे सत्कार होतात, ‘चक दे’चं शीर्षकगीत प्रत्येक मंडपात वाजतं. प्रशिक्षकाच्या कराराचा नमुना त्यात कुठे असेल असं वाटत नाही.

या लेखासाठी सिनेमा पुन्हा पाहिला तो सरांच्या घरी, त्यांच्या नातवाच्या लॅपटॉपवर. सत्तर मिनिटांचं ते भाषण आलं तेव्हा नातू म्हणाला, मॅच तर साठ मिनिटांची असते. त्याचं बरोबर आहे, 2014पासून पंधरा-पंधरा मिनिटांचे चार डाव झाले. सर काही बोलले नाहीत. मेलबर्नला संघ उतरला तिथे त्यांनी सिनेमा थांबवायला सांगितला, उठून आतून ती वही आणली आणि एक पान उघडून माझ्यापुढे ठेवलं. एका राष्ट्रीय शिबिराला ते साहाय्यक म्हणून गेले होते, चोवीस दिवस. तारखेसमोर त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘अर्जित रजा 15, बिनपगारी 9’. नातवानं विचारलं, आजोबा, तुम्ही इंडिया टीमबरोबर होतात? त्यांनी मान हलवली आणि सिनेमा पुढे सुरू करायला सांगितला.